सासूबाईंचे बारा फोटो

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. रिळाचा, काळा आणि हातात धरला तर मनगट दुखेल इतका जड. तुमच्या घरातल्या मोबाइलसारखी मला गाणी म्हणता येत नाहीत, आणि काढलेला फोटो लगेच दाखवताही येत नाही. मी फोटो पोटात ठेवतो. तो बरा आला की वाईट, हे कळायला आधी रीळ संपावं लागतं, मग ते अंधारात धुवावं लागतं. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

आधीच सांगतो, माझी गोष्ट गोड नाही. तुम्ही लहान आहात म्हणून मी तिच्यात साखर घालणार नाही. मला फक्त रेखीव काढता येतं.

एका लखलखीत कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडलं. माझ्या आधीच्या कॅमेऱ्यांत लेन्सवरचं कडं हाताने फिरवून फोकस लावावा लागे. माझ्या अंगात त्यासाठी मोटर बसवली होती. बटण अर्धं दाबलं की मोटर घुर्रर्र करते, लेन्स पुढेमागे सरकते आणि समोरचा माणूस रेखीव झाला की थांबते. शिवाय मला एक नियम घालून दिला होता : फोकस लागल्याशिवाय बटण पूर्ण खाली जाऊ द्यायचं नाही. या नियमाचा मला फार गर्व होता.

पण लेन्सच्या शेजारी माझ्या अंगावर नखाएवढा एक खटकाही होता. तो खाली ढकलला की मी रजेवर गेलो म्हणून समजा. मोटर गप्प, नियम रद्द. मग फोकस माणसाने स्वतः लावायचा, आणि नाही लावला तरी फोटो निघायचा. हा खटका नीट लक्षात ठेवा.

मला विकत घेतलं एका फोटोवाल्याने. सगळी पेठ त्याला उस्ताद म्हणायची. त्याच्या दुकानाला दर्शनी काच होती, आत पडदे, दोन दिवे, एक स्टूल, आणि मागे अंधारखोली. हाताने फोकस लावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता म्हणे. पण मी आलो तोवर त्याचे डोळे अधू व्हायला लागले होते. चष्मे बदलून झाले, डॉक्टर बदलून झाले, नजर उतरतच राहिली. फोटोवाल्याला दिसत नाही हे कळलं असतं तर गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं नसतं. म्हणून त्याने जुना कॅमेरा विकला, मला घेतलं आणि जो भेटेल त्याला सांगितलं, "काळाबरोबर चालायला नको का?"

त्याला समोरचे चेहरे धुकट दिसायचे. फोकस लागला की माझ्या आत पेटणारा हिरवा ठिपका तर दिसायचाच नाही. तो माझ्या मोटरकडे कान द्यायचा, ती थांबली की बटण दाबायचा, आणि बटण खाली गेलं म्हणजे फोकस लागला, असं धरून चालायचा. नऊ वर्षं हा हिशेब एकदाही चुकला नाही. लोक त्याच्या नजरेची तारीफ करायचे, आणि तो ती तारीफ निमूटपणे खिशात घालायचा.

हे गुपित एकट्या त्याच्या बायकोला ठाऊक होतं. सगळे तिला वहिनी म्हणायचे. रीळ भरणं, लेन्सा पुसणं, अंधारखोलीत फिल्म धुणं, छापणं, सगळं तीच करायची. लेन्सा तीन होत्या. बुटकी अठ्ठावीस, जिच्यात अख्खी खोली मावते, पण जी फार जवळ नेली तर माणसाचं नाक फुगवून ठेवते. पंच्याऐंशी, चेहऱ्यांसाठी, सगळ्यांत मायाळू. आणि लांब नळीचा झूम, समारंभात दुरून व्यासपीठ टिपायला. वहिनी प्रत्येकीला स्पर्शाने ओळखायची. मला मात्र तिने एकदाही डोळ्याला लावलं नव्हतं. उस्तादने लावूच दिलं नाही.

"हिच्याकडे लेन्स मागितली की ही झाकण देते," तो गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा. गिऱ्हाइकं हसायची. खोटं कशाला बोलू, मलाही मजा वाटायची. ज्याच्या गळ्यात आपण लटकतो, त्याचीच बाजू आपल्याला खरी वाटते.

मग एक दिवस वहिनीची आई दुकानात आली. म्हातारी, एकटी राहणारी बाई. आयुष्यात तिचा एकही फोटो निघाला नव्हता. धुवट कपडे घालून, केस चापून बसवून ती स्टुलावर बसली आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहू लागली. वहिनीने पंच्याऐंशी पुढे केली. दुकानात दोन मित्र बसले होते, त्यामुळे उस्तादला जोर चढला होता. त्याने पंच्याऐंशी बाजूला ठेवून अठ्ठावीस लावली आणि मला म्हातारीच्या नाकापासून वीतभर अंतरावर नेलं.

"हसा, आई."

ती बिचारी हसली. मोटर घुरघुरली, थांबली. मी माझं काम चोख केलं. नाक वांग्याएवढं, कान मागे पळालेले, पडलेल्या दाताची खिंड, आणि गालावरची एकूण एक सुरकुती मोजून घ्यावी इतकी स्वच्छ. मित्र पोट धरून हसले. उस्तादने तो फोटो मोठा करून दर्शनी काचेत लावला आणि खाली पाटी लिहिली : 'चुकीची लेन्स'. शेजारी एका देखण्या मुलीचा फोटो, त्याखाली : 'योग्य लेन्स'. येणारे-जाणारे थांबायला लागले. धंदा वाढला.

काही दिवसांनी म्हातारी त्या रस्त्याने चालली होती. ती काचेपुढे उभी राहिली. वहिनी धावत बाहेर गेली, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "ही मीच का गं?" त्यानंतर ती दुकानाकडे फिरकली नाही.

दोन वर्षं वहिनी नवऱ्याच्या मागे लागली होती. आईला आता जिना उतरवत नाही, घरी जाऊन तिचा एक सरळ फोटो काढा. बाकी काही मागत नाही. तो कधी हो म्हणायचा, कधी कामाचं निमित्त सांगायचा. एका संध्याकाळी गिऱ्हाइकांनी दुकान भरलेलं असताना तिने पुन्हा विषय काढला.

"अहो, आईची तब्येत बरी नाही. एकच फोटो काढा. सरळ."

"सरळ फोटोला आधी सरळ तोंड लागतं," उस्ताद म्हणाला. "ते कुठून आणू?"

दुकान हसलं. वहिनी एरवी एखादा टोमणा परत करायची. त्या दिवशी ती थेट अंधारखोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी एका कॉलेजचा बक्षीस समारंभ होता. मोठं काम, अख्ख्या स्मरणिकेचे फोटो. सकाळी वहिनीने माझ्यात रीळ भरलं, झूम पुसला, त्याचं कडं अगदी जवळच्या टोकाला फिरवलं. मग अंगठ्याने माझा खटका खाली ढकलला. आज व्यासपीठावरचा एकही चेहरा ओळखू येऊ नये, उद्या उस्तादने प्राचार्यांपुढे मान खाली घालून उभं राहावं, चारचौघांत हसं होणं म्हणजे काय ते त्यालाही कळावं, एवढंच तिला हवं होतं. पंच्याऐंशीला तिने हातही लावला नाही. ती त्या दिवशी बॅगेतून निघणारच नव्हती.

पण मित्रांनो, खटका लेन्सवर नव्हता. तो माझ्या अंगावर होता. मला कोणतीही लेन्स लावा, मी रजेवर तो रजेवरच.

उस्ताद ठरल्या वेळेच्या दोन तास आधीच एकटा निघाला. कॉलेजच्या रस्त्याला न लागता तो लाकडाच्या वखारीकडे वळला. वखारीच्या वर एका खोलीत त्याच्या सासूबाई राहायच्या. त्याला अचानक ही बुद्धी कुठून झाली, मला माहीत नाही. कदाचित आदल्या दिवशी वहिनी उलटून बोलली नाही, ते त्याला टोचलं असेल. कठडा चाचपत तो जिना चढला.

म्हातारी पलंगावर उठून बसली. मला पाहताच तिने तोंडावर हात धरला. "पुन्हा तसला नको हो."

"नाही, आई. या वेळी चांगला काढतो," तो म्हणाला. "तुमच्या लेकीला सांगू नका. मी तिच्या हातात नेऊन देणार आहे." मग बायकोशिवाय कोणापाशी कधी न काढलेला शब्द त्याने काढला. "मला आता नीट दिसत नाही, आई."

"मलाही कुठं दिसतंय?" म्हातारी म्हणाली. "बरंच झालं. दोघांनाही सुरकुत्या दिसायच्या नाहीत."

तो हसला. नऊ वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. त्याने तिची खुर्ची खिडकीपाशी नेली, तिच्या खांद्यावरची शाल सारखी केली, पंच्याऐंशी काढून मला लावली. बॅगेत ठेवताना तिचं कडं दूरच्या टोकाला होतं, ते तसंच राहिलं. म्हातारी तीन हातांवर होती आणि लेन्स पाहत होती डोंगरापलीकडे.

त्याने बटण अर्धं दाबलं आणि कान दिला. खाली वखारीत करवत सुरू होती. तिच्या खरखरीत माझी मोटर ऐकू येणं शक्यच नव्हतं, म्हणून तो बटणाच्या भरवशावर राहिला. बटण खाली गेलं. माझा नियम रद्द होता, मी काय अडवणार? त्याने बारा फोटो काढले. म्हातारी एकात लाजली, एकात खिडकीबाहेर पाहू लागली, शेवटच्यात दात पडलेलं तोंड उघडून मनापासून हसली. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण मला फक्त खट्क एवढंच म्हणता येतं, आणि ते मी बारा वेळा म्हणालो.

समारंभात झूम लागला. कर्ण्यांच्या गोंगाटात तिथेही त्याला काही कळलं नाही. घरी येऊन त्याने मला वहिनीच्या हातात ठेवलं. चेहऱ्यावर चोरटा आनंद होता.

"आधी पहिले बारा बघ," तो म्हणाला.

वहिनीने अंधारखोलीत फिल्म धुतली, दोरीला लावली आणि दिवा पेटवला. तिला व्यासपीठाची फजिती पाहायची होती. पहिल्या चौकटीत तिला एक खिडकी दिसली, तिच्यापुढे विरघळल्यासारखी एक आकृती, खांद्यावर शाल. शाल तिनेच आईला घेऊन दिली होती. तिने बाराच्या बारा चौकटी भिंगाखाली धरल्या. डोळे कुठे, तोंड कुठे, काही कळत नव्हतं. तिने भिंग खाली ठेवलं आणि स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसली.

"कसे आलेत?" त्याने दाराबाहेरून विचारलं.

"सगळे गेले," ती म्हणाली.

"आईचेही?"

"तेही."

तो दार ढकलून आत आला. त्याने मला थोबाडीत मारावी तशी चापट मारली. "ऐन वेळेला दगा दिलास," म्हणाला. नऊ वर्षं त्याचे डोळे झालो, त्याचं बक्षीस मला हे मिळालं.

सकाळी तो मला मेकॅनिककडे घेऊन निघाला. वहिनी दारातच उभी होती. खटका वर ढकलायचा, बॅग उचलायची, आईच्या खोलीत जायचं, नवा फोटो काढायचा. तासाभराचं काम होतं. पण खटका खाली आहे हे तुला कसं कळलं, असं त्याने विचारलं असतं. तिने बाजूला होऊन त्याला रस्ता दिला.

मेकॅनिकने मला खणात टाकलं. मी कुलपं, पाने आणि मेलेल्या घड्याळांच्या सोबतीत पडून राहिलो. वहिनी त्या रस्त्याने दोनदा गेली, मेकॅनिकच्या दुकानापुढे घुटमळली आणि पुढे निघून गेली. सहाव्या दिवशी म्हातारी गेली. जाईपर्यंत ती लेकीला विचारत होती म्हणे, "फोटो आला का गं?"

आठव्या दिवशी मेकॅनिकने मला खणातून काढलं, एकदा उलटसुलट करून पाहिलं आणि नखाने खटका वर ढकलला. उस्ताद आणि वहिनी दोघेही घ्यायला आले होते.

"बिघाड काही नाही," मेकॅनिक म्हणाला. "खटका सरकला होता."

उस्तादने माझ्या अंगावरून अंगठा फिरवत खटका शोधला. किती तरी वेळ तो त्याच्यावर बोट ठेवून उभा होता. "माझ्याच हातून सरकला असेल," तो म्हणाला. "मला दिसलाच नाही."

वहिनी त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "असेल."

कॉलेजचं काम वाया गेल्याची बातमी पेठभर झाली आणि दुकान त्याच महिन्यात बंद झालं. म्हातारीची आठवण म्हणून घरात लावायला दुसरा फोटो नव्हता, तेव्हा काचेतला तोच फोटो पाटी काढून भिंतीवर लागला. भेटायला येणारे तो पाहतात आणि हसू दाबायला खोकतात. उस्तादला आता तोही दिसत नाही. तो रोज त्याच्यापुढे उभा राहून हात जोडतो आणि चूक झाली, आई, असं म्हणतो. वहिनी शेजारच्या खोलीतून ऐकते. ती त्याला काही सांगत नाही.

मला त्यांनी कपाटात टाकलं. पोटातले सेल कोणी काढले नाहीत. ते फुटले, त्यांचं पाणी माझ्या तारा खात गेलं. आता माझी मोटर मेली आहे आणि खटका गंजून वरच अडकला आहे. तो आता कोणालाही खाली ढकलता येणार नाही, आणि हे मला फार उशिरा मिळालेलं सुख आहे.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनंती ऐका. कॅमेरा ठेवून देताना त्याचे सेल काढून ठेवा. लेन्स पुसा, झाकण लावा. आणि कोणाची खोड मोडायला त्याचा खटका ढकललाच असेल, तर तो लगेच जागेवर आणा, मग कोणी काहीही विचारो. त्याला एक क्षण पुरतो. वहिनीकडे सहा दिवस होते.