मानाचं टोक

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. बिश्केकमधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर माझा मुक्काम आहे. मी इतका लांबलचक आहे की मला इथून हलवायचं तर आधी भिंत पाडावी लागेल. म्हणूनच मी अजून टिकलो आहे. कोणी कौतुकाने ठेवलंय असं समजू नका.

माझं लाकूड डोंगरी आणि फार कठीण. रंधा मारताना सुताराने मला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. पॉलिश झाल्यावर मात्र पाठीवरून हात फिरवून म्हणाला, तू माझी नातवंडं बघशील. त्या काळी इथे कालव्यांचे नकाशे काढणारी सरकारी कचेरी होती. डोंगरातलं पाणी कुठल्या गावाला किती जायचं, ते माझ्या अंगावर ठरायचं. काय तो रुबाब होता माझा! पुढे ज्या देशाची ती कचेरी, तो देशच उरला नाही, मग कचेरी कुठली उरणार?

इमारत कुबातबेक नावाच्या मालकाकडे आली. त्याने मजल्यावर प्लायवूडच्या भिंती ठोकून खुराडी केली आणि एकेक भाड्याने दिलं. एकात दात उपटायचे, एकात कोट शिवायचे. मी मधल्या बोळात अडगळ होऊन पडलो. लोक माझ्यावर ओल्या टोप्या टाकायचे. त्यातल्या एका खुराड्यात सातिबाल्दी अता बसायचे. अता म्हणजे आमच्याकडे आजोबा. कामाला परदेशी जाणाऱ्यांच्या कागदांचं भाषांतर करायचे. त्यांची टोपी मात्र माझ्यावर कधी पडली नाही, हे मी विसरलेलो नाही.

मग बेगिमाय आली. तिशीची मुलगी, बाह्या सरसावून कामाला लागणारी. तिने कुबातबेककडून अख्खा मजला भाड्याने घेतला, भिंती काढल्या आणि माझ्याभोवती खुर्च्या मांडल्या. आता इथे खोली भाड्याने मिळत नाही, खुर्ची मिळते. को-वर्किंग म्हणतात त्याला. पोरंपोरी आपापला लॅपटॉप घेऊन येतात, हवे तितके दिवस बसतात आणि जातात. वर्षाचा करार नाही, फर्निचरचा खर्च नाही, हिवाळ्यात नळ गोठला तर डोकेदुखी बेगिमायची. पण खरं सांगू? नुसत्या सोयीसाठी कोणी येत नव्हतं. घरात एकट्याने काम करून ही मुलं वैतागली होती. शेजारी कोणीतरी कुरकुरायला हवं, चहाला हाक मारायला हवी, एवढीच त्यांची भूक होती.

भिंती पडल्या तसं अतांचं खुराडंही गेलं. बेगिमायला ते फार लागलं. तिने त्यांना हाताला धरून माझ्या पार दूरच्या टोकाला बसवलं. दारापासून सर्वांत लांबची जागा म्हणजे तोर. आमच्याकडे घरात असो की तंबूत, वडीलधाऱ्याचा मान तिथे. तिने खुर्चीवर लोकरीची लाल गादीही घातली. अता खूश झाले. बायको गेल्यापासून ते घरी भिंतीशीच बोलत होते.

आणि तिथेच सगळं बिनसलं. तोरवर अता बसलेले, मग पाय लांब कसे करायचे? फोनवर खिदळायचं कसं? ते उठायच्या आधी उठायचं कसं? अता आत आले की सगळी मुलं ताडकन उभी राहायची, ते बसले की कुजबुजत बसायची. त्यांच्या जवळच्या खुर्च्यांवर तर बरोबरीने बसायची कोणाची छाती नव्हती. आधी त्या ओस पडल्या, मग त्यांच्या शेजारच्या. सिर्गाक नावाचा एक चटपटीत प्रोग्रामर म्हणायचा, "इथे काम करणं म्हणजे रोज सासऱ्यासमोर जेवायला बसणं." एकेक जण समोरच्या इमारतीतल्या तसल्याच जागेत जाऊ लागला.

कुबातबेकला हे कळायला वेळ लागला नाही. त्याने बजावलं, वसंतापर्यंत खुर्च्या भरल्या नाहीत तर मजला व्यायामशाळेला देईन. बेगिमायची झोप उडाली. पण अतांना उठा म्हणणार कोण? तिची जीभ झडली असती तरी ती म्हणाली नसती.

एका सकाळी ती चहा ओतत होती. प्याला आमच्याकडे अर्ध्याहून कमी भरतात. त्याचा अर्थ, बसा, पुन्हा देते. काठोकाठ भरला तर अर्थ, प्या आणि निघा. फोन कानाला, पलीकडून कुबातबेक ओरडतोय, आणि तिचा हात ओततच राहिला. अतांचा प्याला काठोकाठ भरला.

मुलांची बोटं थांबली. अतांनी प्याल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग सावकाश तळापर्यंत चहा प्यायले, उठताना आमच्याकडे फिरवतात तसे दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले, शब्दकोश काखेत मारले आणि गेले.

तिला कळलं तेव्हा दार बंद झालं होतं. सिर्गाक तिला एझे, म्हणजे ताई म्हणायचा. तो हळूच म्हणाला, "एझे, बरंच झालं. कोणीतरी करायलाच हवं होतं."

"मी केलं नाही रे," ती म्हणाली आणि तापलेली किटली तिने माझ्यावर आदळली. तो पांढरा डाग माझ्या अंगावर अजून आहे.

दुसऱ्या दिवशी ती रोटी घेऊन त्यांच्या घरी गेली. परत आल्यावर आईला फोनवर सांगत होती, म्हणून मला कळलं. अता म्हणाले होते, "चुकून भरलास, ते मला तेव्हाच कळलं, पोरी. पण तू मला कधी जा म्हणाली नसतीस, आणि तुझं टेबल तर माझ्यापायी रिकामं होत होतं. मग तुझी चूकच कामाला लावली." मग म्हणाले, "तिथे टोकाला माझ्याशी कोणी बोलत नाही. मुलांच्या मधे बसवशील तर सोमवारी येतो." बेगिमाय रडत होती आणि हसतही होती. माझाही जीव भांड्यात पडला.

सोमवारी तिने लाल गादी मधल्या खुर्चीवर ठेवली आणि गरम रोट्या आणायला मागच्या जिन्याने उतरली. मुलांना सांगायचं राहून गेलं. अता इथून उठून गेल्याची बातमी पसरली होती, त्यामुळे पांगलेली मंडळी परतली आणि खुर्च्या पटापट भरल्या. सिर्गाक आला. मधे गादी पाहून तो चपापला. वडीलधाऱ्याची गादी अशी कुठेही कोणी टाकली? त्याने ती झटकली, दोन्ही हातांनी नेऊन तोरवर नीट ठेवली, मग मधल्या खुर्चीवर बसला आणि कानाला हेडफोन लावला. वाईट पोरगा नाही हो तो. आदरानेच केलं त्याने.

मग अता दारात आले. दाढी कातरलेली, डोक्यावर नवी पांढरी टोपी, काखेत शब्दकोश. सगळ्यांच्या माना लॅपटॉपवर झुकलेल्या होत्या. त्यांनी भरलेलं टेबल पाहिलं. मग दूर, एकट्या टोकाला ठेवलेली आपली गादी पाहिली. छातीवर हात ठेवून किंचित वाकले, कोणाला ते मला ठाऊक नाही, आणि वळले. मी लाकूड. मला हाक मारता येत नाही. इतकी वर्षं त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं, त्या दिवशी वाटलं.

बेगिमाय रोट्या घेऊन आली. गादी टोकाला पाहून तिने सिर्गाकला विचारलं, कोणी आलं होतं का? तो म्हणाला, कोणी नाही. तिने गादी पुन्हा मधे आणली, खुर्ची रिकामी करून घेतली आणि संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत बसली. रोट्या गार झाल्या. अतांनी माफ केलं नाही, असंच तिने मनाशी धरलंय. पुन्हा जाऊन त्यांना तोंड दाखवायची तिची हिंमत नाही.

मजला वाचला. माझ्याभोवती आता गलका असतो आणि कुबातबेक खूश आहे. मधली एकच खुर्ची रिकामी असते. ती का अडवून ठेवलीस म्हणून तो कटकट करतो, बेगिमाय ऐकत नाही.

मित्रांनो, कोणाला मान द्याल तेव्हा त्याला इतक्या लांब बसवू नका, की त्याच्याशी बोलायला कोणी उरणार नाही. आणि तुमच्यापैकी कोणी कधी या मजल्यावर खुर्ची घेतली, तर माझ्यासाठी एवढं कराल? बेगिमायला सांगा, सोमवारी अता आले होते.