गोविंदरावांचा हप्ता

डहाणूत मल्याणला गोविंदरावांनी कर्ज काढून घर बांधलं, त्याला नऊ वर्षं होत आली होती. तलासरीच्या शाळेत मास्तरकी, पगारातून दरमहा जाणारा हप्ता, आणि कुणी काही मागितलं की एकच उत्तर तयार: "अहो, घराचा हप्ता चालू आहे ना!" नवा सोफा असो की नवरात्राची जास्तीची वर्गणी, हप्त्यापुढे सगळे गप्प बसत.

२०१८च्या दिवाळीआधी त्यांच्या वाडीची एक कड रस्त्यासाठी गेली आणि मोबदला बँकेत जमा झाला. उरलेलं कर्ज फिटून वर थोडे राहतील एवढा.

"फेडून टाकू या," चिकू सोलता सोलता त्यांची बायको हिरकणी म्हणाली.

गोविंदराव दचकले. "घाई कशाला? करात सूट मिळते. ते पैसे ठेवीत टाकू, व्याज येईल."

"ठेवीचं व्याज जास्त की कर्जाचं?"

"कर्जाचं," ते पुटपुटले.

"मग?"

आता खरं कारण कसं सांगणार? खरं कारण होतं हिरकणीचा धाकटा भाऊ, नविन. त्याचा अच्छाडला हायवेवर ढाबा होता आणि डोक्यात रोज नवी योजना. कधी उसाच्या रसाचं मशीन, कधी टायरचं दुकान. दरवेळी तो भावजींकडे पैसे मागायचा आणि दरवेळी हप्ता मध्ये पडायचा. बायकोच्या भावाला तोंडावर नाही म्हणायची गोविंदरावांवर कधी वेळच आली नव्हती.

शेवटी हिरकणी त्यांना बँकेत घेऊन गेली.

"वेळेआधी फेडलं तर दंड लागत नाही, काका," तिथली मुलगी हसून म्हणाली.

"थोडासुद्धा नाही?" गोविंदरावांनी आशेने विचारलं.

"एक रुपया नाही."

त्यांनी सुस्कारा सोडून सही केली.

पुढच्याच रविवारी झाईहून ताजी पापलेटं घेऊन नविन हजर. हिरकणी मासे घेऊन आत गेली आणि तो खुर्ची पुढे ओढून बसला.

"भावजी, हप्ता संपला म्हणे! ढाब्यावर एसीची खोली काढतोय. फक्त दोन लाख द्या."

"अरे, पण ह..." गोविंदराव अडकले. घसा खाकरला, पंख्याकडे बघितलं. पंखा काही मदतीला येईना. मग डोळे मिटून त्यांनी एका दमात सांगून टाकलं, "नविन, मला नाही द्यायचे."

आता आत भांडी आपटणार, म्हणून ते कान देऊन बसले. भांडी आपटली नाहीत. उलट नविनच हसला.

"अगदी ताईसारखं बोललात! तिने तर मला केव्हाच 'नाही' म्हणून सांगितलं होतं. म्हणून तर तुमच्या मागे लागलो होतो."

हिरकणी हळदीचे हात घेऊन बाहेर आली. "एवढं बोलायला नऊ वर्षं लागली तुम्हाला?"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मला विचारायचं तरी!"

नविन दोन वेळा रस्सा मागून घेऊन पोटभर जेवला. निघताना त्याने विचारलं, "भावजी, बँकेचं कर्ज मिळायला काय काय लागतं हो?"

गोविंदरावांचा चेहरा एकदम खुलला. चपला घालून ते त्याला रिक्षापर्यंत सोडायला निघाले आणि रस्ताभर इतक्या प्रेमाने समजावत राहिले, की दोन रिक्षा निघून गेल्या तरी नविनला चढता येईना.