शिसं वितळलं, जस्त टिकलं

हँगरच्या दारातून आत आलात की उजव्या हाताला जे खोकत असतं, ते मी नव्हे. ते बॅटऱ्या चार्ज करायचं जुनं डिझेलचं धूड आहे. त्याच्यात आणि माझ्यात गल्लत केलेली मला मुळीच खपत नाही. मी इकडे आहे, या पिवळ्या दोन आसनी विमानाच्या नाकात. रोटरी इंजिन म्हणतात मला. बऱ्याच दिवसांनी ऐकणारं कुणी मिळालंय, तर बसा जरा.

स्वतःची स्तुती स्वतः करू नये म्हणतात. पण इथे दुसरं कोण करणार? माझ्या पोटात पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत, ती वर-खाली आदळआपट नाही. दोन तीनकोनी रोटर आहेत, ते गोल फिरतात आणि मी पळतो. दोन धट्टीकट्टी माणसं मला हातांनी उचलतात, आणि मी मात्र दोन माणसांना विमानासकट उचलतो. आहे का बोला!

खोडीही सांगून टाकतो, लपवाछपवी नको. मी तापतो भयंकर. ओरडतोही भयंकर. आणि मी तेल पितो. रोटरच्या टोकांना बारीक पट्ट्या असतात, त्या कोरड्या घासू नयेत म्हणून मला थेंब थेंब तेल लागतं आणि ते मी जाळून टाकतो. कारखान्यातून निघालो तेव्हापासूनचा हा माझा आहार आहे. व्यसन नाही.

पण लोकांना ते व्यसनच वाटतं. माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. त्यांच्या लाल गाडीत मी चार वर्षं मजेत काढली. दुसऱ्यांना दिवसातून दोनदा दात घासा म्हणून सांगणारा हा माणूस माझं तेल सहा-सहा महिने बघायचा नाही. एकदा बघितलं तेव्हा कमी दिसलं. झालं! गॅरेजवाल्याकडे नेलं. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "डॉक्टर, हे तेल खातंय. बंदच करून टाकू." आणि त्याने माझी तेलाची नळी बूच मारून बंद केली. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! माझ्या पट्ट्या वर्षभरात झिजल्या, अंगातला जोर गेला. मग मला काढून भंगारात टाकलं. तिथे एका मांजरीने माझ्यावर दोनदा पिल्लं घातली. वाईट नव्हती ती, पण इंजिनाला पाळणा होण्यात कसलं आलंय सुख?

तिथून मला एका बाईने उचललं. ही पाण्याचे पंप दुरुस्त करायची, हाताला कायम ग्रीस. तिने माझी बूच मारलेली नळी बघितली, कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "अरे देवा, उपाशी मारलं की रे तुला!" त्या क्षणी मी तिचा झालो. तिचे वडील तिला ठमी म्हणतात, म्हणून मीही ठमीच म्हणतो.

ठमी, तिचा नवरा आणि तिचे वडील मिळून घरी विमान बांधत होते. घरी म्हणजे अगदी घरीच. विमानाचं धड गाडी ठेवायच्या पडवीत, डावा पंख बैठकीच्या खोलीत, उजवा पलंगाखाली अर्धा आणि बाहेर अर्धा. पाहुणे आले की आधी पंख ओलांडायचे, मग बसायचे. सहा वर्षं चाललं होतं हे. नवरा नळांची कामं करणारा, हसरा गडी, सासऱ्यांचे 'जावईबापू'. टाक्या, नळ्या, जोड सगळं त्याच्याकडे. ठमीने मला पूर्ण खोललं, नव्या पट्ट्या बसवल्या, ठिणगीसाठी दोन वेगवेगळ्या जोडण्या दिल्या, म्हणजे एक रुसली तरी दुसरी चालू. पुढे गिअरची पेटी लावली, कारण माझा वेग विमानाच्या नाकावरच्या पंख्याला झेपत नाही. आणि माझ्यासाठी तेलाची छोटी वेगळी टाकी. त्या टाकीवर तिने रंगाने लिहिलं: 'हा पितो. पिऊ द्या.'

आता बाबांविषयी. हे तिचे वडील शेतांवर औषध फवारणारं विमान उडवायचे, तीस वर्षं. पिकाच्या डोक्यावरून, दोन माणसांच्या उंचीवरून, सरळ रेघ. रेघ वाकडी गेली की पिकाचा एक पट्टा उपाशी आणि दुसऱ्याला अजीर्ण. विमान चालवायला त्यांनीच ठमीला शिकवलं, आणि शिकवताना असं फाडून खायचे की विचारू नका. "हे वळण आहे की म्हैस वळतेय?" "पाय झोपलाय का तुझा?" ती रडायची आणि पुन्हा वर जायची.

मग बाबांचे डोळे अधू झाले. समोरचं मधलं सगळं पुसलं गेलं, कडेकडेचं तेवढं धूसर दिसायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वर्षभरात तेही जाईल. आणि त्या दिवसापासून बाबांनी बोल लावणं सोडून दिलं. ठमीने काहीही दाखवलं की म्हणायचे, "छान. छान झालंय हो." जोड वाकडा असला तरी छान. फ्लाइंग क्लबाच्या विमानातून ती डोक्यावरून उडून गेली तरी छान. आभाळातलं एवढंसं विमान त्यांना दिसायचंच नाही, हे तिला कळत होतं.

एक दिवस माझे नट आवळता आवळता ती नवऱ्याला म्हणाली, "मला ते छान नकोय रे. बाबांनी एकदा माझी चूक काढायला हवी. विमान नाही दिसत, ठीक. पण आभाळात पांढरी जाड रेघ ओढली तर? तेवढी दिसेल ना त्यांना?"

जावईबापू पाना खाली ठेवून म्हणाला, "धूर सोडायचा म्हणतेस? हे इंजिन एवढं तापतं, त्याच्या धुराड्यात पातळ तेल फवारलं की झालं काम. टाकी मी करतो."

त्याने टाकी केली, पंप बसवला, नळी ओढली. सगळं चकाचक. आणि चूक केली ती केवळ नळवालाच करू शकतो अशी. त्यांच्या धंद्यात नियम आहे: नळी जितकी आखूड तितकी गळती कमी. म्हणून त्याने तेलाचा फवारा धुराड्याच्या अगदी सुरुवातीला, माझ्या तोंडाशी आणून बसवला. अहो, तिथे मी लालबुंद असतो! मला बोलता आलं असतं तर ओरडलो असतो, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळं ओरडलो असतो.

चाचणी पडवीसमोरच्या मोकळ्या जागेत झाली. मी लोखंडी घोडीवर, पंख्याभोवती जाळी. बाबा खुर्चीत. ठमीने मला पळवलं आणि जावईबापूने धुराचं बटण दाबलं. धूर कसला! हातभर जाळ आला. मागे उभ्या केलेल्या धडाचा पिवळा रंग करपला. जावईबापू बादली घेऊन धावला, ठमीने मला बंद केलं.

सगळं शांत झाल्यावर बाबा खुर्चीतून म्हणाले, "छान! छान दिसला हो धूर."

ठमी जागची हलली नाही. हातातला बोळा तिने जमिनीवर फेकला. "बाबा, धूर आलाच नाही. जाळ आला. तुम्हाला काही दिसलं नाही, तरी छान म्हणालात. आजवरचं सगळं छान असंच होतं ना?"

जावईबापूने बादली उगीच एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मी गार होत टकटक वाजत होतो, आणि खरं सांगतो, त्या वेळी मला माझ्या आवाजाचीही लाज वाटली.

मग म्हातारा म्हणाला, "तुझी हौस मोडायला नको म्हणून म्हणायचो. डोळे नसलेल्याने चुका काढायच्या तरी कशाच्या जोरावर?"

"मग नका काढू. पण खोटं छान म्हणू नका."

"बरं," म्हणाले. मग उठून उभे राहिले, आणि आवाज एकदम बदलला. "जावईबापू, शिशाची पट्टी आहे का? आणि जस्ताची?"

"भंगारात असतील दोन्ही. कशाला बाबा?"

"आणा म्हणजे कळेल. लांब दांड्याची सांडशीही आणा. ठमे, त्याला पुन्हा चालू कर. मग ये आणि माझा पट्टा मागून घट्ट धर."

तर असा तो देखावा: मी बेंबीच्या देठापासून ओरडतोय, म्हातारा सांडशीत शिशाची पट्टी धरून माझ्या धुराड्यावर टेकवतोय, आणि मुलगी त्याच्या कमरेचा पट्टा धरून पाय रोवून उभी. धुराड्याच्या शेवटाकडे शिसं तसंच राहिलं. म्हातारा बोटबोट पुढे सरकला. एका जागी पट्टी मऊ झाली आणि वाकली. बघायची गरजच नव्हती, सांडशीतून हाताला कळत होतं. मग जस्त घेतलं. तिथे जस्त ताठ राहिलं. आणखी पुढे, माझ्या तोंडाकडे गेल्यावर जस्तानेही मान टाकली.

"बंद कर!" बाबा ओरडले. मी थांबलो. "शिसं वितळतं तिथून जस्त वितळतं तिथपर्यंत, एवढीच जागा. तिच्या अलीकडे तेल कच्चंच राहील आणि शेपटीला चिकटेल. पलीकडे गेलं की पेट घेईल. मधोमध भोक पाड. आणि जावईबापू, नळी लांब लागेल. गळू देऊ नका म्हणजे झालं."

"नळवाला आहे मी, बाबा."

"म्हणूनच सांगतोय."

हा हिशोब सगळ्या इंजिनांना लागू पडतो की नाही, मला माहीत नाही. माझ्यापुरता पडला. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं आणि माझ्या मागून असा दाट पांढरा लोट निघाला की शेजारच्या बाईंनी दोरीवरचे कपडे शिव्या देत काढून नेले. यावर बाबा काय म्हणतात म्हणून मी कान टवकारले होते. ते एवढंच म्हणाले, "पांढरं काहीतरी आहे. वर गेल्यावर सांगेन."

मग हँगरमध्ये नेऊन पंख जोडले, विमान खात्याचे तपासनीस साहेब आले, माझ्यात वाकून वाकून बघून गेले. धुराचा पंप आसनावरून बंद करता येतो ना, हे त्यांनी सात वेळा विचारलं. सही झाली. मग नुसत्या उडण्याच्या चाचण्यांत दोन महिने गेले, आणि तेवढ्यात बाबांच्या नजरेच्या उरलेल्या कडा आणखी आकसल्या. ताटातला चमचा ते आता चाचपडून शोधायचे. ठमी बघायची आणि मुकाट्याने माझं तेल तपासायची. रेघ दिसण्याइतकी नजर उरेल की नाही, हीच धास्ती तिला रोज असायची.

शेवटी एका निरभ्र सकाळी आम्ही वर गेलो. खाली धावपट्टीच्या कडेला खुर्ची, खुर्चीत बाबा, शेजारी जावईबापू. मी अगदी झोकात होतो. ठमीने धूर सोडला आणि सरळ रेघ ओढली, बाबांच्या फवारणीसारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वळली, दुसरी रेघ. वळली, तिसरी.

उतरल्यावर तिने मला बंद केलं, पण लगेच बाहेर पडली नाही. विचारायची भीती वाटत होती. शेवटी बाबाच जावयाचा खांदा धरून विमानापाशी आले.

"ठमे."

"काय, बाबा?"

"दुसरं वळण ते काय होतं?"

तिने आसनाचा पट्टा सोडला.

"शेपूट घसरली तुझी. धुराच्या रेघेला हे एवढं पोट आलं होतं. रेघेला कधी पोट येतं का? तीस वर्षं रेघा ओढून हेच शिकवलं का मी? पाय झोपला होता का?"

"बाबा, छानच होतं की," जावईबापू मध्ये बोलला.

"काय छान! डोळे तपासून घ्या तुमचे, जावईबापू."

ठमी माझ्या तापलेल्या झाकणावर डोकं टेकून रडायला लागली, आणि रडता रडता हसायलाही लागली. खरं तर भाजलं असतं तिला, पण मी त्या दिवशी जमेल तितका गार राहिलो.

"रडतेस काय? तेल भर आणि परत जा. दुसरं वळण नीट होईपर्यंत जेवण नाही."

ती परत गेली. चार वेळा गेली. चौथ्या वेळी बाबांनी फक्त मान हलवली. छान म्हणाले नाहीत.

याला आता तीन वर्षं झाली. बाबांच्या नजरेच्या त्या कडाही गेल्या. माझ्या पट्ट्या एकदा बदलून झाल्या, आवाज थोडा घोगरा झाला, पण जोर आहे तसाच आहे, आणि तेल मी पितोच. ठमी अजूनही प्रत्येक वेळी धूर सोडते. बघायला कुणी नाही तर कशाला जाळतेस, असं लोक विचारतात. पण शेपूट घसरली की माझा सूर किंचित बसतो, आणि खाली खुर्चीतला म्हातारा तेवढ्यावरून तिची चूक पकडतो. मग धूर बघून जावईबापू साक्ष देतो, "हो बाबा, पोट आलंय." हल्ली खोटं बोलायची त्याची हिंमतच नाही.

तुमच्याकडे माझ्या दोनच मागण्या आहेत. माझ्या तेलाच्या नळीला कुणी बूच मारू नका. आणि बाहेर खुर्चीत ते बसलेत, त्यांना दिसतं का म्हणून विचारू नका. आमचं शेवटचं वळण कसं झालं, ते विचारा.