सातवी टाचणी

मी एक जुनी टाचणी आहे. अंग पोलादाचं, डोकं लाल काचेचं, उंची तुमच्या करंगळीच्या पेराएवढी. डोक्याचा एक टवका उडालेला आहे. तेवढी खूण लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. मित्रांनो, लहान तोंडी मोठा घास वाटेल, पण माझ्याइतकं जवळून युद्ध तुमच्या ओळखीत कुणी पाहिलं नसेल. आणि ते मला दाखवलं एका अतिशय प्रेमळ माणसाने.

माझा जन्म कारखान्यातला. तारेचा तुकडा कापला, टोक घासलं, दुसऱ्या टोकाला वितळलेल्या काचेचा थेंब बसवला, की झाली टाचणी. आम्हा चाळीस बहिणींना एका निळ्या कागदावर ओळीने खोचून दुकानात धाडलं. तिथून काकांनी आम्हाला घरी आणलं.

काका वर्तमानपत्रात जगाच्या घडामोडींवर सदर लिहीत. कचेरीत सगळे त्यांना 'सल्लागार' म्हणत, कारण दर आठवड्याला ते कुठल्या ना कुठल्या राष्ट्रप्रमुखाला सल्ला देत. दोन्ही देशांनी संयम पाळावा असं लिहिणारा हा माणूस, चष्मा सापडला नाही तर अर्ध्या मिनिटात घर डोक्यावर घ्यायचा. चष्मा बहुधा कपाळावरच असायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! पण मन लोण्याहून मऊ. दूरच्या एखाद्या गावावर बॉम्ब पडल्याची बातमी आली, की काकांचा चहा तसाच गार व्हायचा.

घरात भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता. जिथे बंदुका चालू, तिथे काका एक लाल टाचणी टोचत. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याखेरीज टाचणी लागत नसे आणि निघतही नसे. दर शुक्रवारी सकाळी ते नकाशासमोर उभे राहत, एकेका टाचणीवर बोट ठेवत आणि सदराच्या शेवटी एक छोटी यादी लिहीत, 'आज बंदुका चालू असलेली ठिकाणं'. शनिवारी ती छापून येई. एखादं नाव यादीतून गेलं, की वाचकांनी समजायचं, तिथलं युद्ध थांबलं. स्वतःच्या आठवणीवर काकांचा भरवसा नव्हता, सगळा भरवसा आम्हा टाचण्यांवर. मी तर अभिमानाने फुगून जायचे.

मला त्यांनी एका डोंगराळ देशावर टोचलं. नकाशावर तो नखाएवढा. मी बसले आणि अख्खा देश माझ्या डोक्याखाली दिसेनासा झाला.

त्याच नकाशाखाली काकूंचं कापड बेतायचं टेबल होतं. काकू कपडे शिवून देत. डबीतल्या टाचण्या संपल्या, की वर न बघता हात लांबवून नकाशावरची एखादी उपटत. काम झालं की परत लावीत, पण साधारण तिथेच. त्यामुळे एकदा एक युद्ध दोन दिवस भर समुद्रात चाललं होतं. काका चिडले, की काकू शांतपणे म्हणत, "एका टाचणीनं मी दोन तुकडे जोडते. तुमच्या जगाला तेवढं जमलं, की मग मला बोला." यावर काका चष्मा शोधायला लागत.

काकूंकडे एक नर्स कपडे शिवून घ्यायला यायची. त्याच डोंगराळ देशातली, कामासाठी इकडे आलेली. तीन वर्षं तिला घरी जाता आलं नव्हतं. तिकडचं टपाल बंद, फोन बंद, आणि एवढ्याशा देशाच्या युद्धाची बातमी छापायला कुणाला वेळ होता? काकांची यादी तेवढी तिला आधार होती. माप देताना ती नकाशाकडे तोंड करून उभी राहायची, माझ्या टवक्यावर बोट टेकवायची आणि म्हणायची, "इथे माझी आई आहे."

मित्रांनो, तोवर मला वाटायचं की मी एका युद्धावर उभी आहे. कुणाच्या तरी आईच्या दारात उभी आहे, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून माझं फुगणं बंद झालं.

एकदा थंडीच्या तोंडावर नर्सने आईसाठी कोट शिवायला टाकला. आई माझ्याच अंगकाठीची आहे म्हणाली आणि माप स्वतःचं दिलं. गुरुवारी तो अंगावर घालून बघायला ती आली. काकू गुडघे टेकून खालची दुमड घालत होत्या. डबी रिकामी झाली. सवयीप्रमाणे त्यांचा हात वर गेला आणि नेमकी मी हाताला लागले. कोटाच्या मागच्या दुमडीत मी खोचली गेले. नर्स कामावर परतली, कोट घडी करून टेबलावर राहिला आणि मी घडीच्या आत.

त्याच आठवड्यात मोठ्या राष्ट्रांची मोठी बैठक भरली होती. कोण कुणाशेजारी बसलं, हात मिळवताना कोण हसलं, कोण नुसतंच दात दाखवत होतं, यातच काकांचं डोकं गुंतलेलं. शुक्रवारी सकाळी ते नकाशासमोर आले, बोट ठेवून मोजलं, सहा टाचण्या. सहा नावं लिहिली आणि कागद घेऊन कचेरीत गेले. सातवी त्यांच्या कमरेपासून हातभर अंतरावर कापडात होती. मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, पण टाचणीचं कोण ऐकतं?

शनिवारी सकाळी नर्स धावतच आली. हातात वर्तमानपत्र, डोळ्यांत पाणी. म्हणाली, यादीत आमचं नाव नाही, युद्ध थांबलं, रजा मिळाली, दुपारच्या बसने सीमेपर्यंत जाते आणि तिथून चालत. काकू नवऱ्याचं सदर कधीच वाचत नसत. घरात ऐकते तेवढं पुरे, असं त्यांचं म्हणणं. त्यांना मुळीच शंका आली नाही. त्यांनी नर्सला पोटाशी धरलं आणि अर्ध्या तासात कोटाची दुमड शिवून दिली. घाईत बाकीच्या टाचण्या काढल्या, मी राहिले. काका तेव्हा कचेरीत होते.

बस भरली होती. नर्सने कोट मांडीवर घेतला होता आणि कुशीतल्या बाळाला थोपटावं तशी ती त्याला थोपटत होती. बस सुटायला थोडा वेळ होता. मित्रांनो, मी आयुष्यात कुणाला मुद्दाम टोचलेलं नाही. त्या दिवशी टोचलं. जेवढं टोक होतं तेवढं सगळं लावलं.

तिने हात झटकला, दुमड चाचपली, मला बाहेर काढलं. आधी हसली. काकू विसरल्या, म्हणाली. मग तिला माझा टवका दिसला आणि हसू तिथेच थांबलं. ती माझ्याकडे बघत राहिली. गुरुवार तिला आठवला असणार, काकूंचा भिंतीकडे गेलेला हात आठवला असणार. यादी लिहिली गेली शुक्रवारी. म्हणजे टाचणी आधी निघाली आणि नाव नंतर गेलं.

बस सुटली तेव्हा ती खाली उभी होती, एका हातात पिशवी, एका हातात कोट आणि मुठीत मी.

ती काकांच्या घरी पोचली तेव्हा काका कचेरीतून येऊन जेवायला बसत होते. तिने मला त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "काका, युद्ध थांबलं होतं, की टाचण्या संपल्या होत्या?"

साऱ्या जगाला सल्ला देणाऱ्या त्या माणसाने ताट बाजूला सारलं. काकू म्हणाल्या, "हात माझा होता गं." काकांनी मान हलवली. "हात तुझा असेल. पण डोळे मी त्या बैठकीत ठेवून आलो." ते तसेच उपाशी कचेरीत गेले. संध्याकाळी परतले तेव्हा हातात तारेने आलेल्या बातमीचा एक कागद होता. सीमेपासून तिच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आदल्या दिवशी तोफा चालल्या होत्या. काका खुर्चीत बसले आणि नर्ससमोर लहान मुलासारखे रडले. तिनेच त्यांना पाणी दिलं आणि तिनेच मला माझ्या जागी परत टोचलं.

पुढच्या शनिवारी सदरात बैठकीचं नाव नव्हतं. होती ती चुकीची कबुली आणि सात नावांची यादी. प्रत्येक नावापुढे काकांनी एकेक ओळ लिहिली होती. डोंगराळ देशापुढे होतं, 'इथे एक आई राहते, तिचा कोट शिवून तयार आहे.' बाकीच्या सहा ठिकाणची माणसं शोधायला काका आठवडाभर परदेशातून आलेल्या कामगारांच्या खोल्या पालथ्या घालत हिंडले होते. त्यानंतर तिथला माणूस सापडल्याशिवाय त्यांनी एकही नाव लिहिलं नाही.

आणखी दोन वर्षांनी ते युद्ध खरंच थांबलं. दोन ठिकाणांहून खात्री झाली, तरी काका थांबून राहिले. मग नर्स आईच्या हातचं पत्र घेऊन आली. काकांनी तिलाच मला काढायला सांगितलं. माझ्या जागी नकाशाला केवढं तरी भोक पडलं होतं. तिने मला काकूंच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "हिला आता कापडावरच ठेवा." कोट घेऊन ती गेली आणि या वेळी पोचली.

आता काकांचं सदर बंद झालं आहे. नकाशा गुंडाळून कपाटावर ठेवला आहे, बहिणी हरवल्या, गंजल्या. मलाही कधी कधी आठवडा आठवडा कुणी हात लावत नाही. तक्रार नाही. मित्रांनो, एवढंच मागते, बातमीत एखाद्या देशाचं नाव ऐकलंत, तर तिथे कोण राहतं ते एकदा विचारा. नाव यादीतून गेलं, तर का गेलं तेही विचारा. आमच्यासारख्या टाचण्या पडतात हो.

काका अजून बातम्या ऐकतात. कुठे नवी ठिणगी पडली, की सवयीने हाक मारतात, "अगं, ती लाल टाचणी दे."

काकू मला एका झबल्याच्या बाहीत खोचतात. नर्सच्या लेकीचं झबलं आहे, टपालाने डोंगरात जायचं आहे. मान वर न करता काकू म्हणतात, "ती कामात आहे."