अल्विन पॅस्कोचा एक गुण

बोरंगी गावात परक्यावर विश्वास ठेवायची पद्धत नव्हती, म्हणून तिथल्या पद्धतीच्या फुटबॉलमध्ये गोल झाला की नाही हे ठरवणारा गोल अंपायर ज्याच्या त्याच्या क्लबाचाच असायचा. दोन्ही क्लबांनी आपापला एकेक माणूस द्यायचा. त्याने पांढरा कोट चढवायचा, दोन उंच खांबांमध्ये उभं राहायचं, आणि कोट अंगावर आहे तोवर आपण कुठल्या गावचे हे विसरायचं. हे विसरणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी तो कोट कधी घातलेला नसतो. अल्विन पॅस्कोने तो एकोणीस वर्षं घातला. एरवी तो गव्हाच्या कोठारावर वजनकाट्याशी बसे, आणि त्याने सांगितलेलं वजन कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे. क्लबाच्या सभेत मतासाठी हात वर झाले की मोजायलाही त्यालाच उभं करत. गावाला त्याच्या प्रामाणिकपणाचं भारी कौतुक होतं. फुकटात मिळत होता तोवर होतं.

सत्त्याऐंशी सालच्या सप्टेंबरात बोरंगी अंतिम सामन्याला पोचलं. समोर टाल्विन. बोरंगीने याआधी चषक जिंकला तेव्हा अल्विनचा मुलगा लिंझी पाळण्यात होता. आता तो चोवीस वर्षांचा, ताडमाड, आणि संघाची सारी भिस्त त्याच्यावर. ग्राउंडभोवती गाड्या नाकं आत करून लावलेल्या होत्या. आपला गोल झाला की इथे लोक टाळ्या वाजवत नाहीत, बसल्या जागेवरून हॉर्न दाबतात.

अर्धं मिनिट उरलं तेव्हा बोरंगी चार गुणांनी मागे होतं. किक मारलेला चेंडू कुणाचाही हात न लागता उंच खांबांमधून गेला तर सहा गुण. वाटेत कुणाचंही बोट लागलं तर एकच. कुणाचंही म्हणजे कुणाचंही, मारणाऱ्याच्या सोबत्याचंसुद्धा. हा नियम तिथे शेंबड्या पोरांना पाठ असतो, आणि ऐन वेळी त्यांच्या आजोबांना आठवत नाही.

बोरंगीच्या केव्हिन डूलनने पन्नास मीटरवरून किक मारली. चेंडू वर गेला, वाऱ्यात जरा डगमगला आणि खांबांच्या दिशेने उतरू लागला. रेषेवर दोघे उडाले, टाल्विनचा बचावपटू नूनन आणि त्याला अडवणारा लिंझी. चेंडू नूननच्या पंजावरून चांगला वीतभर उंच गेला. लिंझीच्या करंगळीवरून नाही गेला. करंगळी भलत्याच बाजूला वाकली, चेंडूची गिरकी बदलली, मग तो रेषेपार गेला, आणि वेळ संपल्याचा भोंगा झाला.

अल्विन तिथून दोन हातांवर उभा होता.

बोरंगीच्या साठ-सत्तर गाड्यांनी हॉर्न दाबून धरले. मैदानावरचा अंपायर धापा टाकत आला.

"काय, अल्विन?"

"हात लागलाय."

"नक्की? शंका असेल तर कमीच धरायचं हे ठाऊक आहे मला. पण तुला शंका आहे, की दिसलंय?"

"शंका असती तर बरं झालं असतं," अल्विन म्हणाला. "दिसलंय."

त्याने एक बोट पुढे केलं, गोलाला उचलायच्या दोन निशाणांपैकी एकच उचललं आणि हलवलं. पलीकडच्या टोकाला टाल्विनच्या गोल अंपायरने निशाण हलवून पोच दिली. हॉर्न एकदम थांबले नाहीत. ज्याला जसं कळलं तसे एकेक करून बंद पडले. सगळ्यांत शेवटी वाजत राहिला तो अल्विनच्याच गाडीचा, कारण त्याची बायको जॉइस चष्मा घरी विसरून आली होती.

बोरंगी तीन गुणांनी हरलं.

नूनन सरळ माणूस निघाला, हेच वाईट झालं. संध्याकाळी बिअरचा ग्लास हातात घेऊन तो सगळ्यांदेखत म्हणाला, "आईशपथ सांगतो, माझं बोट नाही लागलं. चेंडूचा वारासुद्धा लागला नाही मला." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. गावाला तेवढं पुरलं. समोरचा म्हणतोय नाही लागलं, आणि आमचाच शहाणा म्हणतो लागलं! बोट दुसऱ्या कुणाचं असेल, हे तीनशे डोक्यांपैकी एकातही आलं नाही. अल्विनने सांगितलं नाही. गोल अंपायर आकडा दाखवतो, कारणं देत बसत नाही. शिवाय ज्याचं बोट त्याने सांगावं, आणि तो सांगेलच, असं त्याला वाटत होतं.

रविवारी सकाळी लिंझी करंगळी बर्फाच्या भांड्यात बुडवून बसला होता. ती सुजून काळीनिळी झाली होती.

"हे काय रे?" जॉइसने विचारलं.

"फाटकात सापडली."

"कुठल्या फाटकात?"

"अगं आई, फाटकं काय कमी आहेत का आपल्याकडे?"

"मग डॉक्टरला दाखव जा."

"नको. तो चौकशा करत बसतो."

जॉइसने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता, आणि ती काही केल्या बांधून होत नव्हती.

मग अंगणात, लाकडांच्या ढिगाशी, अल्विनने पोराला गाठलं.

"सांगतोस ना त्यांना?"

"मला कुणी विचारलंच नाही."

"मी विचारतोय."

लिंझीने डाव्या हाताने एक ओंडका उचलला, परत ठेवला. "बाबा, पुढच्या वर्षी मला कप्तान करणारेत. अध्यक्ष किर्शनर स्वतः बोललाय. आत्ता हे बाहेर आलं तर जन्मभर माझ्या नावाला चिकटेल. तुझं काय, दोन महिने शिव्या घालतील नि विसरतील."

"मी आंधळा ठरतोय, लिंझी. नाहीतर खोटा. एकोणीस वर्षं—"

"मग बघायचंच कशाला?" लिंझी उसळला. "एवढ्या गर्दीत एकट्या तुलाच दिसलं. नसतं दिसलं तर काय आभाळ कोसळणार होतं?"

अल्विनला पोराची लाज वाटली, आणि पोर आपलंच, म्हणून स्वतःची जास्त वाटली. एका शब्दात तो मोकळा झाला असता. तो शब्द पोराच्याच तोंडून यावा म्हणून तो मूग गिळून बसला.

गव्हाचा हंगाम लागला. शेतकरी पहिल्यांदाच ट्रकमधून उतरून काट्यावर वाकून बघू लागले. "बघतो हं जरा, अल्विन, राग नको मानूस. आजकाल तुझ्या डोळ्यांचा नेम नाही." कुणीतरी त्याच्या फाटकाला आंधळ्याची पांढरी काठी बांधून गेलं. चर्चच्या विक्रीत सगळ्या बायकांचे केक संपले, जॉइसचा तेवढा राहिला. ती तो तसाच घरी घेऊन आली, आणि तिघांनी बसून खाल्ला. लिंझीने दोन तुकडे खाल्ले.

नोव्हेंबरात क्लबाची वार्षिक सभा भरली. लिंझी टाळ्यांच्या गजरात कप्तान झाला. मग अध्यक्ष किर्शनर खाकरला.

"आता गोल अंपायर. अल्विनने क्लबासाठी पुष्कळ केलंय, कुणी नाही म्हणत नाही. पण आता नव्या नजरेला संधी द्यावी असं काहींचं म्हणणं पडलं. मनाला लावून घेऊ नकोस गड्या."

"त्याची काय काळजी करता?" मागून डूलन ओरडला. "टाल्विनवाले त्याला डोक्यावर घेऊन नाचतील!"

हशा झाला. किर्शनरने हसू आवरलं. "बदल हवा असेल त्यांनी हात वर करा."

हात वर झाले, आणि सवयीने सगळ्यांची तोंडं अल्विनकडे वळली. मग सगळेच चपापले.

"नाही म्हणजे," किर्शनर चाचरला, "दुसरं कुणी मोजेल—"

"मोजतो मी," अल्विन उठला.

तो रांगेरांगेने गेला. खाटीक, डाकवाला, डूलन, डूलनचे दोघे भाऊ. तेहेतीस झाले. शेवटच्या रांगेत खिडकीशी लिंझी बसला होता. त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत आला होता आणि तिथेच थांबला होता. मत म्हणावं तर मत, कान खाजवतोय म्हणावं तर कान.

अल्विन त्याच्यापुढे थांबला. "हात वर आहे का, लिंझी?"

"मोज ना बाबा, काय ते." लिंझीची नजर जमिनीवर होती.

"मला जे दिसतं तेवढंच मोजतो मी. वर, की खाली?"

"सोड रे अल्विन," किर्शनर म्हणाला, "एका मताने काय फरक पडतोय!"

अल्विन हलला नाही. लिंझीचे कान लाल झाले. त्याने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा किर्शनरकडे. मग हात पुरता वर केला. चार बोटं सरळ, आणि करंगळी बाहेरच्या अंगाला वळलेली, डॉक्टरला न दाखवता वाकडीच जुळलेली. सभेतली पन्नास माणसं त्या हाताकडे टक लावून बघत होती. कुणालाही काही दिसलं नाही.

शंका असती तर अल्विनने कमी धरलं असतं.

"चौतीस," तो म्हणाला.

किर्शनरने आकडा लिहून घेतला. पुन्हा मोजून बघ, असं कुणी म्हटलं नाही.