डोक्यावर लाल पट्टी

मुरुमच्या दूध कंपनीचं पत्रक दर मंगळवारी संध्याकाळी बासष्ट संकलन केंद्रांना ई-मेलनं जातं. केंद्रचालक ते फोनवर वाचतात आणि सकाळी दूध घालायला आलेल्यांना त्यातलं कामाचं तोंडी सांगतात. मांडणी शिवकन्या करते. संगणकावर दोन रकाने दिसतात: डावीकडं अध्यक्ष आण्णासाहेबांचा फोटो, मनोगत, वाढदिवस आणि सत्कार, उजवीकडं सूचना. फोनच्या पडद्यावर दोन रकाने मावत नाहीत. तिथं उजवा रकाना डाव्याच्या खाली जातो.

त्या मंगळवारी सूचना एकच होती. कंपनीनं सभासदांना दिलेल्या कडबा कुट्टी यंत्रांचा बंद करायचा दांडा ऐनवेळी अडकतो. दुरुस्ती होईपर्यंत यंत्र चालवू नका. शिवकन्येनं फोनसाठी वेगळी मांडणी केली. वर लाल पट्टीत सूचना, खाली फोटो.

सचिव अमरसिंह पूर्वी फ्लेक्स छापायचे. फ्लेक्सवर नेत्याच्या डोक्यावर देवीशिवाय काही येत नाही, हे त्यांनी तिला रुजू झाली त्याच आठवड्यात शिकवलं होतं.

"साहेबांच्या डोक्यावर लाल पट्टी? बाजूला घे की."

"सर, फोनवर बाजू नसती. वर, न्हायतर खाली."

"मग खाली."

तिनं खाली घेतली. सूचनेपर्यंत पोचायला अंगठा नऊ वेळा सरकवावा लागत होता. पत्रक सात वाजून दहा मिनिटांनी गेलं.

गुरुवारी सकाळी एका गावातल्या सभासद कमलबाई गोठ्यात त्या यंत्रावर एकट्याच वैरण कापत होत्या. उजवा हात कोपरापर्यंत आत गेला. डाव्या हातानं त्यांनी दांडा ओढला, तो हलला नाही. सोलापूरच्या दवाखान्यात हात काढावा लागला.

शनिवारी कंपनीच्या कार्यालयात चौकशी झाली. अमरसिंहांनी पत्रक भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावलं. उजवीकडं लाल अक्षरांत सूचना, फोटोच्या बरोबरीनं. कमलबाईंच्या गावचा केंद्रचालक बलभीम यानं ई-मेल सात सव्वीसला उघडल्याची नोंद होती. तरी गावात त्यानं काही सांगितलं नव्हतं.

बलभीम पडद्याकडं पाहत राहिला. मग शिवकन्येकडं वळला.

"ताई, माझ्या फोनात हे असं न्हवतं."

अमरसिंह तिच्याकडंच बघत होते.

"व्हय, न्हवतं," ती म्हणाली.

आण्णासाहेबांनी बलभीमचा फोन मागून घेतला. फोटो, मनोगत, तीन वाढदिवस, एक सत्कार, मग सूचना. फोटो वर ठेवा असं मी कधी म्हणलो, असं त्यांनी विचारलं. त्यांनी फोन परत दिला.

सोमवारी बलभीमचं केंद्र बंद केल्याचं पत्र निघालं. कारण: सूचना पोचवण्यात कसूर. त्याचा ई-मेल पत्ता पत्रकाच्या यादीतून काढला. यंत्रं दुरुस्त करणारा माणूस अजून आला नव्हता.

मंगळवारी शिवकन्येनं पत्रक कुणाला दाखवलं नाही. लाल पट्टी सगळ्यात वर घेतली आणि पाठवलं. आठ वाजेपर्यंत एकसष्टही केंद्रांनी ते उघडलं. बलभीमच्या गावात सात यंत्रं होती. तिनं त्याला फोन लावला.

त्यानं शनिवारीच घरोघर जाऊन सांगितलं होतं. पण स्वतःवरचं ढकलायला यंत्राचं नाव घेतो, असं लोक म्हणत होते. कमलबाईंच्या घरानं तर दारात उभं केलं नव्हतं.

"आता वैरण कोण कापतंय त्यांच्यात?"

"सून. करिश्मा. त्याच यंत्रावर."

बुधवारी पहिल्या एसटीनं ती गावात उतरली. यंत्राचा आवाज रस्त्यावरूनच ऐकू येत होता. गोठ्यात करिश्मा दोन्ही हातांनी कडबा आत लोटत होती. शिवकन्येनं आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. मग फोन पुढं धरला.

करिश्मानं पदराला हात पुसले आणि लाल पट्टी सावकाश वाचली. मग सासूचा हात गेला त्याच्या आधीच्या मंगळवारचं पत्रक मागितलं. शिवकन्येनं ते उघडून दिलं. पडदाभर आण्णासाहेब.

"ह्यात कुठंय?"

"खाली," शिवकन्या म्हणाली.

करिश्मा अंगठा सरकवत राहिली.