चौसष्ट चौकोन

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मावशींनी तीस वर्षं काढली, पण मापाचं भांडं कधी हातात धरलं नाही. दोनशे मुलींच्या जेवणात मीठ पडायचं ते मुठीनं, आणि ते कधी चुकलं नाही. सगळा कारभार अंदाजपंचे, तरी चोख. म्हणून लेकीला दिवस गेल्याचं कळताच त्यांनी बाळासाठी तुकड्यांची गोधडी शिवायला घेतली, तेव्हा यात काही अडेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

आठ ओळी, ओळीत आठ चौकोन. पहिला चौकोन त्यांनी स्टीलच्या पट्टीनं मोजून बरोबर पाच इंचांचा कापला. तो कापडावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवली नि दुसरा कापला. दुसऱ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा. तीन दिवसांत चौसष्ट झाले. पहिली आणि शेवटची ओळ शिवून त्यांनी शेजारी शेजारी ठेवली, तर शेवटची चांगली वीतभर लांब!

आता विचारायचं कोणाला? लेकीच्या सासूबाई शिवणवर्गात शिकवायच्या. पण त्यांच्या गळ्यात सदा टेप, आणि मावशींनी पाठीमागे त्यांचं नाव ‘टेपबाई’ ठेवलेलं. ‘अडला हरी,’ असं पुटपुटत मावशींनी पिशवी उचलली नि लेकीचं सासर गाठलं.

विहीणबाईंनी सगळे तुकडे टेबलावर पसरले. मावशी मान खाली घालून बसल्या.

“एकावरून दुसरा कापलात ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“पेन्सिलीची रेघ बाहेरून येते, विहीणबाई. दर वेळी केसभर वाढ. चौसष्ट केस झाले की होतं बोटभर.” त्या हसल्या, पण कुत्सितपणे नाही. “माझ्या वर्गात पहिल्या दिवशी निम्म्या जणी हेच करायच्या. बरं झालं, मोठे कापलेत. मोठ्याचं लहान करता येतं, लहानाचं मोठं कोण करणार?”

मग दोघी कामाला लागल्या. जोडलेल्या ओळी उसवल्या. कापडाला इस्त्री केली, कारण सुरकुती मोजमापात लपून बसते. त्याच स्टीलच्या पट्टीनं पुठ्ठ्याचा एक चौकोन आखला आणि प्रत्येक तुकडा फक्त त्याच्यावरूनच कापला. पेन्सिलीला दर चार तुकड्यांनी टोक काढलं. शिवण सगळीकडे पाव इंचाची. मशीनवर तेवढ्या अंतरावर विहीणबाईंनी चिकटपट्टीच लावून दिली. मावशींना वाटलं होतं, जीव कंटाळेल. पण कोपऱ्याला कोपरा भिडला की त्यांना भाकरी टम्म फुगल्यासारखं वाटे.

आठ दिवसांनी चौकोन जोडून झाले. राहिली कडेची पट्टी. विहीणबाईंनी बोटांवर हिशोब केला, गळ्यातली टेप पट्टीच्या कापडावर ताणून खूण केली आणि म्हणाल्या, “साडेछत्तीस इंच. कापा.”

मावशींनी कात्री उचलली नि खाली ठेवली. “जास्त होतेय.”

“मी मोजलंय.”

“असेल. पण जास्त होतेय. मला दिसतंय.”

“टेप खोटं बोलते का?” विहीणबाईंचा आवाज जरा चढला.

मावशींनी ती पट्टी उचलून गोधडीच्या कडेला लावली. खूण अर्धा इंच बाहेर! विहीणबाईंनी गोधडी मोजली, शिवण तपासली, पुन्हा हिशोब केला. शेवटी टेप स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवली, तेव्हा कळलं घोडं कुठे पेंड खातंय ते. वर्षानुवर्षं ओढून ओढून टेपच सैल पडली होती.

विहीणबाई खुर्चीत टेकल्या. “अगं बाई! म्हणजे चिठ्ठीवर माप पाठवणाऱ्यांना किती वर्षं मी ढगळ कपडे घालतेय?”

मावशींना आधी हसू दाबावंसं वाटलं, पण ते दाबलं गेलं नाही. विहीणबाईही फुटल्या. दोघी इतक्या हसल्या की लेक आतून पोटावर हात ठेवून बघायला आली.

“काय झालं?”

“तुझ्या आईच्या नजरेला टेप लागत नाही,” विहीणबाई म्हणाल्या. “आणि माझ्या टेपेला निवृत्ती द्यायला हवी.”

“टेपबाईंना टेप नाही म्हणजे कसं होईल?” मावशींच्या तोंडून निसटलं, आणि त्यांनी जीभ चावली.

“हे नाव मला माहीत आहे,” विहीणबाई शांतपणे म्हणाल्या. “सुनेनंच सांगितलंय. पट्टी धरा घट्ट. कापतेय मी.”